गुरुवार दुपारचं कुलूप

खालून बोलतोय मी, तळघरातून. आवाज घोगरा लागला तर चालवून घ्या. पितळेला गंज चढत नाही, पण वर्षानुवर्षं गप्प राहिलं की घसा बसतोच. मी चौदा नंबरच्या घराचं कुलूप.

कुलूप म्हटलं की तुम्ही दार शोधाल. माझ्यामागे दार नाही, पेटी नाही, तिजोरी तर नाहीच. मी वेळेला लागतो. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुणीघर आहे. दोन यंत्रं, कपडे वाळवायचं एक गरम कपाट, एक बाक, आणि भिंतीवर लाकडी फळा. फळ्यावर आठवड्याचे वार, आणि प्रत्येक वाराखाली तीन भोकं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. ज्याने आपलं कुलूप ज्या भोकात बसवलं, ती वेळ त्याची. किल्ली फिरवून काढून घेतली की मग राजा आला तरी त्या वेळेत त्याला स्वतःचा मोजा धुता येत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला बोट लावणं म्हणजे तर इथे पाप. या गावात लोक चर्चमध्ये उशिरा पोचतील, धुणीघरात नाही.

पळवाट एकच. कुलूपवाला अर्ध्या तासात आला नाही, तर त्याची वेळ कुणीही घ्यावी. नियमच आहे तसा, भिंतीवर चौकटीत लावलाय. हा अर्धा तास तेवढा ध्यानात ठेवा.

माझा जन्म सांगण्यासारखा नाही. कारखान्यात ओतलं, घासलं, पाठीवर आकडा ठोकला आणि भावंडांसोबत खोक्यात घालून इथे उत्तरेकडच्या या थंड गावी, बुरोसला पाठवलं. तेव्हा गावातल्या कापडगिरण्या दणक्यात चालायच्या आणि माणसं कमी पडायची. म्हणून फिनलंडहून बोटी भरभरून पोरी आणत. त्यातलीच एक हेल्वी, माझी पहिली मालकीण. विशीतली, सूतगिरणीत लागलेली. बरोबर एक नवरा, एक पत्र्याची ट्रंक आणि इथल्या भाषेतले चार शब्द: हो, नाही, आभार, माफ करा. त्यातला शेवटचा तिने जन्मभर झिजवला.

पहिल्याच उन्हाळ्यात तिने घोळ केला. तिच्या गावी चिंध्यांच्या सतरंज्या तळ्याकाठी नेऊन, फळीवर पसरून, साबण ओतून ब्रशने घासायची रीत. सगळ्या बायका एकत्र, गाणी म्हणत. इथे तळं कुठलं? तिने सतरंजी धुणीघराच्या फरशीवर पसरली, बादलीभर साबण ओतला, कपडे भिजतायत याचं भान नसल्यासारखी गुडघ्यावर बसून घासायला लागली आणि गळा मोकळा करून गायला लागली. फेस दाराखालून बाहेर, जिन्यापर्यंत. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची गुनवोर खाली आली.

गुनवोर तेव्हा तरुण होती, पण नाकावर माशी बसू न देणारी आधीपासूनच. तिची वेळ गुरुवार सकाळ. ती फेसात उभी राहिली आणि म्हणाली, "हे काय तळं वाटलं तुला?"

हेल्वीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. "माफ करा," ती म्हणाली. जिन्यात जमलेले लोक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. पुढे कितीतरी दिवस बिल्डिंगमध्ये कुणी भेटलं की विचारायचं, "काय, आज तळ्यावर कोण?"

हेल्वीने ती सतरंजी पुन्हा खाली आणली नाही. परक्या गावात माणूस भाषा नंतर शिकतो, आधी अंग चोरायला शिकतो. तिने तेच केलं. मला गुरुवार दुपारच्या भोकात बसवलं ते कायमचं. वेळेआधी यायची नाही, वेळेनंतर थांबायची नाही. यंत्राच्या जाळीतले धागे दोनदा पुसायची. गायची ती फक्त यंत्र गरागरा फिरायला लागलं की, कारण त्या आवाजात कुणाला ऐकू जात नसे. मला जायचं. मी फळ्यावर, तिच्या डोक्याच्या उंचीवर.

गुनवोर आणि हेल्वी दर गुरुवारी दारात एकमेकींना ओलांडायच्या. एकीची टोपली बाहेर, दुसरीची आत. धुणीघरात माणसाचं काही झाकून राहत नाही हो. एका वर्षी हेल्वीच्या टोपलीतून पुरुषाचे शर्ट नाहीसे झाले. नवरा सोडून गेला होता. गुनवोरने टोपलीकडे पाहिलं, सगळं समजली आणि म्हणाली, "आज वारा बरा आहे." हेल्वी म्हणाली, "हो, बरा आहे." झालं. एवढ्या वर्षांत दोघींनी एकमेकींच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. माणसं वाईट नव्हती. कुणाला त्रास द्यायचा नाही, एवढंच त्यांचं ब्रीद.

आणि मग तो नोव्हेंबर आला.

गुरुवारची दुपार झाली. पायरी वाजली नाही. मी माझ्या भोकात घट्ट बसलेला, म्हणजे वेळ हेल्वीची. यंत्राचं झाकण उघडं. गुनवोरचे काही टॉवेल राहिले होते, ती दारात टोपली घेऊन उभी. तिने घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला, तेव्हा तिने टॉवेल यंत्रात घातले. पुढच्या गुरुवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. बिल्डिंगची डागडुजी बघणारा रूने खाली आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "हेल्वी माहेरी गेली असेल."

"सांगून गेली?"

"ती कशाला सांगेल? कुणाला काही सांगायची सवय आहे का तिला?"

हेल्वी वरच होती. चौदा नंबरच्या मागच्या खोलीत, जमिनीवर. शेवटी वास आला, तेव्हा दार उघडलं. रूने त्या दिवशी माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसला आणि टोपी हातात धरून स्वतःशीच पुटपुटत राहिला. डॉक्टर म्हणाले होते, लगेच गेली नसावी, एखाद-दोन दिवस पडून असावी. म्हणजे पहिल्या गुरुवारी ती जिवंत असेल. हे रूने कुणाला बोलला नाही. पण गुनवोरला गणित येत होतं.

त्यानंतर गुरुवारची दुपार कुणी घेतली नाही. रूनेकडे जादा किल्ली होती, मला काढता आलं असतं. त्यानेही हात लावला नाही. गुनवोर सकाळचं धुणं इतक्या घाईने उरकायची की दुपार व्हायच्या आत तिचं पाऊल जिन्यावर असायचं.

आता भूतबीत मी मानत नाही. पण जे पाहिलं ते सांगतो. धुणीघराबाहेरच्या बोळात एक दिवा आहे, माणूस आलं की आपोआप लागणारा. गुरुवारी दुपारी तो लागायचा. शेवटची पायरी जराशी ढिली आहे, पाय पडला की टक् वाजते. ती वाजायची. दार उघडायचं नाही. थोड्या वेळाने दिवा विझायचा. रूनेने दिवा बदलला, वायर बदलली. पुढच्या गुरुवारी पुन्हा लागला. मी आपला भोकात घट्ट बसून, तिची वेळ धरून.

असं वर्षभर चाललं. मग एका गुरुवारी दिवा लागला, पायरी वाजली, आणि दार उघडलं.

हेल्वीचीच किल्ली माझ्या पोटात शिरली. हात गरम होता. चेहरा काळासावळा, केसांच्या बारीक वेण्या, खांद्यावर पांढरी सुती शाल. बाईने मला भोकातून काढलं, उलटसुलट करून पाहिलं, हुंगलंसुद्धा आणि पुन्हा होतो तिथेच बसवलं. मग यंत्र सुरू झालं.

वर दार आपटलं. जिन्यावरून सपाता घसटत खाली आल्या. गुनवोर दारात उभी राहिली, पांढरीफटक.

"कोण आहे?"

"अब्रेहेत. चौदा नंबर."

"चौदा नंबर रिकामं आहे."

"नाही," बाई म्हणाली. "मी आहे."

गुनवोरने श्वास सोडला. "गुरुवार का घेतलास?" इथे सगळ्यांना अरेतुरेच, राजा सोडून.

"मी नाही घेतला. कुलूप होतं. नवरा म्हणाला, घराबरोबर गुरुवार मिळाला."

"सोमवार घे. सोमवार सकाळ मोकळी आहे, ऊनही येतं खिडकीतून."

"गुरुवारी काय आहे, अदेय?"

"काय म्हणालीस?"

"अदेय. आई. तुम्ही मोठ्या. आमच्याकडे मोठ्या बाईला नावाने नाही हाक मारत."

"मी कुणाची आई नाही," गुनवोर म्हणाली. "गुरुवारी काही नाही." आणि वर गेली.

अब्रेहेत इरिट्रियाची, केरेन गावची. तिचा नवरा टेक्ले कितीतरी वर्षं आधी आला होता. आता कुठे कागद जमले आणि त्याने तिला आणलं. तो मोठा ट्रक चालवतो, सोमवारी निघतो, जर्मनी-हॉलंड करून शनिवारी उगवतो. मधल्या दिवसांत ती घरात एकटी. म्हणून कपडे यंत्रात टाकून इतरांसारखी वर जायची नाही, इथेच बाकावर बसायची. "घरी कुणी बोलत नाही," ती रूनेला म्हणाली होती, "हे यंत्र निदान गुरगुरतं तरी." येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायची, तब्येत विचारायची, आईची, मुलांची, गुरांची. इथल्या लोकांना गुरं नाहीत. ते "ठीक, ठीक" म्हणत पाठमोरे व्हायचे.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी तिने थर्मासमधून कॉफी आणली, लहान बिनकानाचे कप आणले आणि गुनवोरला म्हणाली, "बसा अदेय. तीन कप प्यायचे. पहिला चवीला, दुसरा गप्पांना, तिसरा आशीर्वादाचा. तिसऱ्याआधी उठायचं नाही."

"मला काम आहे," गुनवोर म्हणाली.

"माझी आई तुमच्याच वयाची. रोज फोनवर विचारते, शेजारी कोण आहे गं? मी सांगते, भिंत."

ती हसली. गुनवोर हसली नाही. पुढच्या आठवड्यात फळ्याशेजारी चिठ्ठी लागली: धुणीघरात खाणंपिणं आणि विनाकारण बसणं टाळावं. खाली सही नव्हती. ते वळणदार अक्षर सगळी बिल्डिंग ओळखते. अब्रेहेतने चिठ्ठी बोट ठेवून ठेवून वाचली. पुढच्या गुरुवारपासून थर्मास बंद.

मग तो दिव्याचा दिवस. रूने शिडीवर चढला होता, अब्रेहेत खालून बघत होती.

"याला झालंय काय?"

"काही झालेलं नाही. गुरुवारी लागतो."

"मी नसताना पण?"

रूने साधा माणूस, खोटं बोलता येत नाही. त्याने शिडीवरूनच सगळं सांगितलं. अब्रेहेत ऐकत राहिली. इथल्या भाषेत तिचं जेमतेम चालायचं, पण हे तिला अक्षरन् अक्षर कळलं.

"तिचं कुलूप इथे होतं. ती येत नव्हती. आणि कुणी दार वाजवलं नाही?"

"त्रास नको द्यायला, म्हणून..."

"कुठल्या खोलीत?"

"मागच्या."

अब्रेहेत बाकावर बसली. तिचं अंथरूण मागच्या खोलीत होतं. ती म्हणाली, "आमच्याकडे एका सकाळी कुणाच्या चुलीतून धूर निघाला नाही, तर दुपारी चार बायका दारात." आणि मग हळूच, स्वतःशीच म्हणाली, "मी पडले तर शनिवारपर्यंत कुणाला कळणार नाही."

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला, आणि तिच्यामुळे मलाही. तिने अंथरूण पुढच्या खोलीत आणलं, हे तिनेच रूनेला सांगितलं. झोप येत नाही म्हणाली. मागच्या खोलीत सतरंजी घासल्यासारखा आवाज येतो म्हणाली. रूनेने मान खाली घातली. सतरंजीची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

पण आवाजापेक्षा मला भीती वाटायला लागली ती वेगळ्याच गोष्टीची. अब्रेहेत बदलत चालली. नमस्कार बंद झाला, नुसती मान हलायची. गुरांची चौकशी संपली. वेळेआधी येईना, वेळेनंतर थांबेना. एक दिवस तिने यंत्राची जाळी पुसली, उचलून पाहिली आणि पुन्हा एकदा पुसली. दारात कुणाचा धक्का लागला तर धक्का देणाऱ्याला हीच म्हणायची, "माफ करा." लोक म्हणायला लागले, चौदा नंबरची छान रुळली हो. मी तिला पाठीमागून बघायचो आणि मला दरदरून घाम फुटायचा, फुटता आला असता तर. बाई दुसरी होती, पण पाठ तीच. यंत्र जोरात फिरायला लागलं की ती आता गुणगुणायची, केरेनचं काहीतरी. हलक्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं. मला वाटायचं ओरडावं, बाई, गाऊ नकोस अशी. गायचंच तर जिन्यात उभी राहून गा. पण कुलपाचं तोंड किल्लीपुरतंच उघडतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती खाली आली, तर यंत्र भरलेलं. गुनवोरचे कपडे धुऊन पिळून आत पडलेले आणि गुनवोरचा पत्ता नाही. दुपार लागून गेली होती. इथे याहून मोठा गुन्हा नाही. दुसरं कुणी असतं तर ओले कपडे टोपलीत कोंबले असते आणि वर एक सणसणीत चिठ्ठी ठेवली असती. अब्रेहेतने कपड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपली तिथेच टाकून जिना चढायला लागली. धावतच.

आमचा जिना दगडी. वर टाचणी पडली तरी खाली ऐकू येतं. घंटी वाजली. मग मूठ दारावर.

"अदेय. दार उघडा. अदेय."

दार उघडलं. "काय झालं? आग लागली?"

"तुम्ही आला नाहीत."

"बहिणीचा फोन होता. विसरले." गुनवोर ओशाळून म्हणाली. "मेले नाही मी अजून. कपडे काढून ठेवायचे होतेस की. त्यासाठी दार ठोठावतात का?"

"कपड्यांसाठी नाही वाजवलं," अब्रेहेत म्हणाली.

दोघी खाली आल्या. गुनवोर एकेक कपडा यंत्रातून काढत होती. चादर अर्धी बाहेर आली आणि तिचे हात थांबले. यंत्राकडेच तोंड करून ती म्हणाली, "मी तिची वेळ घेतली. हेल्वीची. टॉवेल धुतले मी. अर्धा तास थांबले आणि टॉवेल धुतले. वर चढून गेले असते तर ती जिवंत सापडली असती."

अब्रेहेतने तिची समजूत घातली नाही. "हो," ती म्हणाली. "वाईट झालं ते."

गुनवोर मागे वळली. इतक्या दिवसांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, तुझा काय दोष, नियमच तसा आहे. ती ओली चादर मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि रडली. अब्रेहेत वर जाऊन थर्मास घेऊन आली.

"इथे मनाई आहे," गुनवोर नाक पुसत म्हणाली.

"चिठ्ठी कुणी लावली?"

गुनवोरने एक कप घेतला. दुसरा नको म्हणाली, उठली, वर गेली. पण चिठ्ठी जाताना काढून नेली.

पुढचे काही आठवडे बरे गेले असं म्हणतो, तोच एप्रिलमधला तो गुरुवार उजाडला.

सकाळी गुनवोरने आपलं धुणं केलं. या वेळी ती घाईने पळाली नाही, टोपली भरून बाकावर बसून राहिली. अब्रेहेतची वाट बघत असावी. दुपार लागली. बोळातला दिवा लागला. पायरी वाजली, टक्. गुनवोर म्हणाली, "ये गं." दार उघडलं नाही. दिवा विझला.

पुन्हा तीच वेळ, तेच यंत्र उघड्या तोंडाने, तीच बाई घड्याळाखाली, आणि मी तसाच भोकात घट्ट बसून सगळ्यांना सांगतोय की येईल, येईल, वेळ तिची आहे. मला तेव्हा स्वतःचा तिटकारा आला. गुनवोर उठून फळ्यापाशी आली. तिने बोट उचललं आणि माझ्यावर ठेवलं, नेमकं माझ्या आकड्यावर. दुसऱ्याच्या कुलपाला, गुनवोरने. तिचं बोट थंडगार होतं.

घड्याळाकडे तिने पाहिलंच नाही. ती जिना चढायला लागली. म्हातारी पावलं, एकेक पायरी. पहिला मजला. दुसरा, तिचा स्वतःचा. मी कान टवकारले. पावलं थांबली नाहीत. तिसरा. घंटी. पुन्हा घंटी. मग तळहाताने दारावर.

"अब्रेहेत. मी आहे. गुनवोर." मग जिनाभर घुमेल अशा आवाजात, त्या बाईने, जिने जन्मात जिन्यात आवाज चढवला नव्हता: "रूने. किल्ली घेऊन ये. आत्ता ये."

बिल्डिंगभर दारं उघडली. रूनेची जड पावलं धावत वर गेली. किल्ली फिरली. त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. तेवढा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

आत काय झालं, ते गुनवोरने नंतर इथेच बसून रूनेच्या बायकोला सांगितलं, म्हणून मला कळलं. अब्रेहेत मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. जिवंत होती. पांढरी शाल डोक्यावरून ओढलेली, डोळे सुजलेले. केरेनला तिची आई गेली होती. मंगळवारी फोन आला होता. टेक्ले कुठल्याशा बंदरात अडकलेला. दोन दिवस ती पाण्यावर होती, दाराची घंटी ऐकू येत होती पण उठवत नव्हतं.

"मी विचारलं," गुनवोर सांगत होती, "अगं, कुणाला सांगितलंस तरी का? तर म्हणाली, कुणाला सांगू, भिंतीला?"

मग अब्रेहेतने तिला सांगितलं की त्यांच्याकडे माणूस गेलं की घर भरतं. बायका येऊन जमिनीवर बसतात, शेजारीण जेवण आणते, घरच्यांनी चूल पेटवायची नाही, एकटं तर सोडायचंच नाही. इथे तिच्या आईसाठी कुणीच बसलं नव्हतं, आणि तेच तिला खात होतं.

"बसून बोलायचं काय असतं?" गुनवोरने घाबरत विचारलं होतं.

"काही नाही. नुसतं बसायचं."

"हात्तिच्या. ते जमेल आम्हाला."

जमलंच. गप्प बसण्यात आमच्या बिल्डिंगचा हात कोण धरेल? त्या दिवशी दुपारभर मी पावलं ऐकत होतो, सगळी वर जाणारी. कुणी सूपचं पातेलं घेऊन, कुणी दालचिनीचे पाव घेऊन, कुणी नुसतेच, काय करायचं ते न कळून. चौदा नंबरात जमिनीवर दाटीवाटीने बसले, गुडघे दुखले तरी बसले, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. अब्रेहेत म्हणाली म्हणे, केरेनलासुद्धा इतकं चांगलं कुणी बसलं नसतं. तिथे बायका मध्येच भांडतात. गुनवोरने कॉफी केली, कशीबशी, सांगितली तशी. तीन कप प्यायली. तिसऱ्यानंतर उठली.

संध्याकाळ व्हायच्या आत ती खाली आली, अब्रेहेतची टोपली घेऊन आणि मुठीत माझी किल्ली. अब्रेहेतची वेळ, अब्रेहेतचे कपडे, हात गुनवोरचे. यंत्र सुरू करून ती बाकावर बसली. यंत्र जोरात फिरायला लागलं. बोळातला दिवा लागला. टक्, पायरी वाजली.

गुनवोर पळाली नाही. ती उठली आणि तिने स्वतः दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "हेल्वी, मी यायला हवं होतं. ये, आत ये. बस." आणि बाकावर जागा करून बसली. दिवा कितीतरी वेळ विझला नाही.

आता माझं सांगतो आणि आवरतं घेतो. या उन्हाळ्यात फळा निघणार. भिंतीवर मोबाइलसारखी उजळणारी काच बसणार आहे, बोट लावलं की वेळ मिळेल. कुलूप नको, किल्ली नको. अब्रेहेतने रूनेकडे मला मागून घेतलंय, घरच्या किल्ल्यांबरोबर ठेवीन म्हणाली. म्हणजे माझी सोय लागली. पण ती काच फार हुशार आहे म्हणे. कुणी वेळेवर आलं नाही, तर अर्ध्या तासाने ती त्याचं नाव आपोआप पुसते आणि वेळ मोकळी करते. दारात टोपली घेऊन घड्याळ बघत कुणाला उभंसुद्धा राहावं लागणार नाही. कुणी आलं नाही, हे कुणाच्या डोळ्यांना दिसणारच नाही.

म्हणून जाता जाता तुम्हाला विनवतो. तुमच्याकडे असा फळा नसेल, धुणीघर नसेल. पण रोज दिसणारं एखादं माणूस असेल, दुसऱ्या गावचं, दुसऱ्या बोलीचं, कुणाला त्रास न देणारं. ते दिसलं नाही, तर अर्धा तास थांबू नका. जिना चढा, दार वाजवा. ते रागावेल तुमच्यावर. रागावू द्या. रागावलं म्हणजे जिवंत आहे.

बरं, येतो. आज गुरुवार आहे. बोळात दिवा लागलाय, पायरी वाजली. हेल्वी आहे की अब्रेहेत, ते दार उघडल्यावर कळेल. गुनवोर उघडायला उठलीच आहे.